आम्पोफो मामाचा दगड

ज्या वर्षी सेरवाने साठीला टेकल्यावर दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी तिच्या भावाचं आणि तिच्या मुलाचं फाटलं. त्या लग्नावर कुमासी शहरात बरेच दिवस हसू चाललं होतं. नातवंडं मांडीवर असलेली बाई, पुढचे दोन दात गेलेले, आणि नवरा कोण, तर माम्पॉनचा लाकडाचा व्यापारी बोआतेंग, तिच्याहून वयाने लहान. बायका तोंडावर हात धरून हसायच्या. सेरवा म्हणायची, "हसा बायांनो, हसा. तेवढंच तुमच्या दातांना ऊन लागेल."

हसणारे हसून दमले. पण त्या लग्नात एक गोष्ट अशी घडली की तिच्यावर घरातलं कोणीच हसलं नाही.

सेरवाचा दहावा मुलगा बदू. दहाव्या पोराचं नाव बदूच असतं, त्यात निवड नसते. अशांती माणसाचं घरदार आणि हत्यारं भाच्याकडे जातात, पोटच्या पोराकडे जात नाहीत. म्हणून बदूला मिसरूड फुटण्याआधीच आईने आपल्या भावाच्या हाताखाली दिलं होतं. हा भाऊ म्हणजे आम्पोफो, कुमासीतल्या सुआमेच्या गॅरेज-वस्तीतला जुना उस्ताद. सुआमेत हजारो माणसं लोखंड कापतात, वाकवतात, जोडतात, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीचे सगळे भामटे आहेत. आम्पोफोला तर याबद्दल शंकाच नव्हती.

त्याच्या शेडपुढे एक काळा चपटा दगड होता. त्याच्या उस्तादाने तो गावाकडच्या ओढ्यातून डोक्यावर वाहून आणला होता. गाडीत जाणारा प्रत्येक स्पार्क प्लग, जुना असो की डब्यातून आत्ता काढलेला, आधी त्या दगडावर ठोकला जायचा. मग मामा गळ्यातल्या दोऱ्यातून हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, पात्याचा अर्धा तुकडा काढायचा. दात घासून गुळगुळीत केलेला, तोही उस्तादाचाच. पातं प्लगच्या फटीत अडून अडून सरकलं की गॅप बरोबर. गाडी कुठलीही असो, पातं एकच.

कोणी विचारलं, "उस्ताद, नवा प्लग तर कारखान्यातूनच बरोबर येतो की," तर मामा म्हणायचा, "पोर जन्मलं की लगेच आपलं होतं का? आठ दिवस ते पाहुणं असतं. आलं, थांबलं, नाहीतर परत गेलं. आठव्या दिवशी बाहेर आणून, ओठावर पाणी ठेवून नाव दिलं की आपलं. कारखान्यातून आला तो पाहुणा. माझ्या दगडावर त्याचं नाव पडतं."

बोलायला तो पटाईत होता. बदूला प्लग त्यानेच शिकवला, आणि असा शिकवला की बदू तो मरेपर्यंत विसरणार नव्हता. "करंट कॉइलमधून निघतो," मामा सांगायचा, "चिनीमातीच्या पोटातून मधल्या दांडीवर उतरतो आणि बघतो तर पुढे रस्ता संपला. समोर लोखंडाची वाकडी टांग, मधे गटार. थांबता येत नाही, मागून ढकलणारे आहेत. मग मारतो उडी. त्या उडीची ठिणगी, त्या ठिणगीने पेट्रोल पेटतं. गटार फार अरुंद असेल तर म्हातारीसुद्धा ओलांडेल, पण उडीत दम नाही. ठिणगी उंदराच्या डोळ्याएवढी, पेट्रोल धड पेटत नाही. गटार रुंद असेल तर उडी मोठी, ठिणगी जाड. पण चढावर इंजिनात हवा दाबून भरलेली असते. गर्दीतून उडी मारून बघ कधी. रुंद गटार असेल तर मधेच पडशील."

इतकं कळणाऱ्या माणसाला पुढचं का कळू नये, याचं बदूला आयुष्यभर कोडं पडलं.

लग्नाच्या आधी बोआतेंगने आपली नवी गाडी नवरीच्या भावाकडे पाठवली. सोयरिकीचा मान म्हणून. त्या गाडीचे प्लग वेगळे होते. मधल्या दांडीचं टोक सुईसारखं बारीक, भाताच्या तुसाएवढं. मामाने नवे प्लग दगडावर घेतले तेव्हा बदू म्हणाला, "मामा, हे राहू द्या. याचं टोक नाजूक आहे. यांना हात लावायचा नसतो."

"कोण म्हणतं?"

"डब्यावर चित्र आहे. पान्ह्यावर फुली मारलेली."

"डबा माझा उस्ताद आहे का? डब्याने तुला जेवू घातलं का?"

टक, टक, टक. फट मिटली. पातं शिरेना. मग मामाने त्या सुईवरच पेचकस टेकवून टांग परत उचलली. चारही प्लग असेच. गाडी सुरू झाली, मांजरासारखी गुरगुरली. मामाने बदूकडे बघून जमिनीवर थुंकलं.

सपाटीवर गाडी ठीक चालली. गाडीत नवरा, नवरी, दोन आत्या, मागे कंदांची पोती आणि भांडी. माम्पॉनचा घाट लागला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. एक धक्का, दोन धक्के, मग म्हाताऱ्यासारखी खोकून थांबली. मागून येणाऱ्या ट्रकमधे वऱ्हाड होतं, ड्रम वाजवणारे होते, बोआतेंगच्या बहिणी होत्या, मामा आणि बदूही होते. सगळे उतरले. सेरवा नवी केंते नेसलेली, सोन्याच्या रंगाच्या चपला. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि घाट चढायला लागली.

बोआतेंगची थोरली बहीण मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडे नवरी चालत येत नाही बाई. चालत बकरी येते, बाजाराच्या दिवशी."

दुसरी म्हणाली, "उस्तादाची बहीण म्हणे! भावाने आहेर चांगला दिला."

मामा बॉनेट उघडून उभा होता. घाम गळत होता. तो म्हणाला, "पेट्रोलमधे पाणी आहे. पंपवाला चोर आहे."

तिथे बदू गप्प राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आई अनवाणी चालली होती. त्याने पान्हा घेतला, दोन प्लग काढले, एक तळहातावर ठेवून सगळ्यांपुढे धरला. "पाणी नाही. सुई मोडली आहे. दगडावर ठोकला म्हणून."

ड्रमवालेसुद्धा थांबले. कोणीतरी फिसकन हसलं. मामाने तो प्लग बदूच्या हातातून घेतला, खाली दरीत भिरकावला, आणि वऱ्हाडाच्या ट्रकमधे जाऊन बसला. परत निघताना त्याने बहिणीच्या नव्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी बदू सुटणार होता. सुआमेत शिकणारा सुटतो तेव्हा उस्ताद सगळ्यांपुढे पूर्वजांना दारू वाहतो, आणि शिष्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पांढरी पावडर टाकतो. पावडर पडली की तो उस्ताद. स्वतःची पाटी लावता येते, हाताखाली पोऱ्या घेता येतो. पावडर पडली नाही तर माणूस पन्नाशीचा झाला, तरी तो कोणाचा तरी पोऱ्याच. आणि दुसऱ्या उस्तादाच्या हातून ती घेता येत नाही. एकाच्या कोंबडीचं अंडं दुसऱ्याने उबवायचं नसतं, असं म्हणतात.

बदूने पूर्वजांना वाहायची स्नॅप्सची बाटली आणली होती. मामाने ती त्याच्या हातातून घेतली, बूच काढलं आणि सगळी गटारात ओतली. "तुझ्या डोक्यावर पावडर? पडेल. मी मेल्यावर पडेल. पण मेल्यावर माझे हात बांधलेले असतील."

"मामा, मी खोटं बोललो का?"

"खरं बोललास. म्हणूनच कधी माफ करणार नाही. खोटं बोलला असतास तर दोन थोबाडीत मारून विसरलो असतो."

त्यानंतर सहा वर्षं त्या गल्लीत युद्ध चाललं. बदू समोरच्या बाजूला एका वेल्डरच्या शेडमागे कोपरा मागून बसला. पाटी नाही, नाव नाही. दोनदा त्याने पाटी रंगवली, दोन्ही वेळा गॅरेजवाल्यांच्या पंचांनी काढून नेली. त्याच्यामागून शिकायला आलेले सुटले, उस्ताद झाले, त्यांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या आल्या. रस्त्यात भेटले की ते बदूला "काय रे" म्हणायचे.

बदू हातपाय गाळून बसला नाही. तो ओरडायला लागला. गिऱ्हाईक आलं की गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "नवा प्लग, कारखान्याची गॅप! इथे कोणी ठोकत नाही! इथे बारसं होत नाही!"

समोर मामा हातात प्लग नसला तरी हातोडी घेऊन दगड ठोकायचा. टक, टक, टक. सकाळी, दुपारी, बदू जेवायला बसला की हमखास.

दोघांच्या मधे मन्साची वाक्येची टपरी होती. भात आणि चवळी एकत्र शिजवून ती विकायची, आणि निरोप फुकट पोचवायची. मामा म्हणायचा, "मन्सा, तुझ्या त्या गिऱ्हाइकाला सांग, त्याने काल जी गाडी दुरुस्त केली ती केजेतियाच्या चौकात मेली आहे. प्रेत घेऊन जा म्हणावं."

मन्सा वळून म्हणायची, "बदू, मामा विचारतात बरा आहेस का."

"सांग, त्यांच्या दगडाला ताप आला असेल तर मलम पाठवतो."

"मामा, बदू म्हणतो बरा आहे."

दोघांचंही गिऱ्हाईक त्यामुळे मन्साकडे जेवायला थांबायचं. तिची काही तक्रार नव्हती.

सहा वर्षांत एक गोष्ट बदूच्या लक्षात आली नाही. सुरुवातीला तो सुईच्या प्लगबद्दल बोलत होता. मग सगळ्या नव्या प्लगबद्दल बोलायला लागला. मग जुन्याबद्दलही. जुना प्लग झिजून त्याची फट रुंद झालेली असली, टांगेवर एक टिचकी मारली तर अजून काही महिने चालेल असं दिसत असलं, तरी तो टिचकी मारायचा नाही. बदलायला लावायचा. मामाचा दगड जसा मामाच्या मानेवर बसला होता, तसा न ठोकण्याचा दगड याच्या मानेवर बसला.

मग गॅसच्या टॅक्स्या आल्या. पेट्रोल महाग झालं म्हणून लोकांनी डिकीत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बसवली. एक टॅक्सीवाला होता, त्याच्या मागच्या काचेवर लिहिलेलं होतं 'अजून बघा', म्हणून त्यालाही सगळे अजून बघा म्हणत. त्याने बदूकडे नवे प्लग बसवून घेतले. दुसऱ्या दिवशी परत आला.

"चढावर मरते," अजून बघा म्हणाला. "आणि मधेच बंदूक उडते. माझी सवारी उडी मारून पळाली. पाद्री होता, त्याने मला शाप दिला."

"प्लग नवे आहेत."

"नवे आहेत ते मला माहीत आहे. मीच आणले."

बदूने वायर बदलली, कॉइल बदलली, गॅस कमी केला, वाढवला. इंजिन जोरात फिरवलं आणि हवेच्या डब्याचं झाकण धाडकन उडालं, ते थेट मन्साच्या पातेल्यात. मन्सा त्या दिवशी जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

आणि खरं सांगायचं तर बदूला कळलं होतं. पहिल्याच धक्क्याला कळलं होतं. गॅस पेट्रोलसारखा चटकन पेटत नाही. त्याच्यातून उडी मारायला करंटला जास्त जोर लागतो. जोर तितकाच असेल तर गटार अरुंद करायला हवं. मामाच्याच शब्दांत त्याला उत्तर डोक्यात ऐकू आलं. टांगेवर एक हलकी टिचकी, बस. त्याने प्लग हातात घेतला, हातोडीकडे बघितलं, मग समोर बघितलं. समोर मामा स्टुलावर बसून केळ्याचे तळलेले काप खात होता आणि याच्याकडेच बघत होता.

बदूने प्लग तसाच परत बसवला. "टाकीचा दोष आहे," तो म्हणाला. "गॅसवाला चोर आहे."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला माम्पॉनचा घाट आठवला. पंपवाला चोर आहे. अगदी तोच आवाज.

अजून बघाने गाडी सुरू केली आणि गल्ली ओलांडून मामाकडे लावली. मामाने चारही प्लग काढले, दगडावर ठोकले, पातं सरकवलं. गाडी सुआमेच्या चढावर शिट्टी वाजवत गेली. परत येऊन अजून बघाने हॉर्न वाजवला, तोही बदूच्या दारात. मामा उठून गल्लीच्या मधोमध आला. चालताना त्याला धाप लागत होती, पाय सुजलेले होते, पण आवाज शाबूत होता.

"सांगा त्याला! मोडलेला प्लग घेऊन ये म्हणावं! तळहातावर ठेवून दाखव म्हणावं! कुठे गेलं वऱ्हाड, कुठे गेले ड्रम?"

गल्ली हसली. बदू चाक काढत होता ते काढत राहिला. त्याला हरल्याचं तितकं लागलं नाही. लागलं ते हे, की गाडी का चालली ते मामालाही माहीत नव्हतं. मामाने काल पेट्रोलच्या गाडीचेही प्लग तसेच ठोकले होते, उद्याही ठोकणार होता. दोघांनी मिळून एक फट भांडणाने भरून टाकली होती, आणि गाडी कुठली हे विचारायचं कोणालाच सुचत नव्हतं.

आठवडाभराने सेरवा माम्पॉनहून आली. थेट बदूच्या कोपऱ्यात. "तुझ्या मामाचे पाय पाहिलेस?"

"पाहिले."

"पोटात पाणी झालंय. डॉक्टर काही बोलत नाही, नुसता कागद चाळतो. तो गेला तर शेड तुझी, हत्यारं तुझी, दगडसुद्धा तुझा. पण तू कोण? मालक, आणि पोऱ्या. आपल्याच शेडमधे पाटी न लावता बसशील. अशी थट्टा कुमासीने माझ्या लग्नातसुद्धा केली नाही."

"तो टाकणार नाही, आई."

"मागितलीस का?"

"सहा वर्षांपूर्वी."

"माझं लग्न तुम्ही दोघांनी घाटात मोडून ठेवलं. बोआतेंगच्या बहिणी अजून मला बकरी म्हणतात. मी तुम्हाला दोघांनाही काही बोलले नाही. आता बोलते. ऊठ."

अशांतींकडे माफी स्वतः मागायची नसते, मोठ्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून मागायची असते. सेरवाने पंचांचे प्रमुख नाना ट्वुमासी यांना गाठलं. म्हातारे फार बोलत नसत. त्यांनी एकच विचारलं, "पावडर कोणती आणणार? ती सुवासिक नको, मला शिंका येतात."

ते सगळे दुपारी मामाच्या शेडपुढे आले. नाना पुढे, सेरवा बाजूला, मागे बदू. त्याने खांद्यावरून वस्त्र खाली घेतलं होतं आणि चपला काढल्या होत्या, मोठ्यांपुढे उभं राहायची रीत असते तशी. हातात बाटली आणि पावडरचा पत्र्याचा डबा. गल्ली कामं टाकून जमली. मन्साने पातेल्यावर झाकण ठेवलं, घट्ट.

नाना म्हणाले, "आम्पोफो, पोरगं आलंय. तोंड वाकडं होतं, सरळ करायला आणलंय."

मामा स्टुलावर बसला होता. त्याने बाटली घेऊन पायाशी ठेवली. डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, मांडीवर ठेवला. मग खिशातून प्लगचं नवं खोकं काढलं. सुईच्या टोकाचा प्लग. त्याने तो मुद्दाम आणून ठेवला होता, हे सगळ्यांना कळलं. त्याने गळ्यातलं पातं काढलं, दोन्ही दगडावर ठेवली.

"ठोक," मामा म्हणाला.

बदू दगडाशी बसला. प्लग उचलला. सुई उन्हात चमकली. एक टिचकी आणि सहा वर्षं संपत होती. एका प्लगचं काय, सुआमेत रोज शेकडो मोडतात. सेरवा ओठ चावत होती. तिने डोळ्यांनीच सांगितलं, ठोक.

बदूने हातोडी घेतली. मग तो म्हणाला, "कुठल्या गाडीचा?"

"काय?"

"कुठल्या गाडीत बसवायचाय, मामा? गॅसची असेल तर हा काढून साधा घेतो आणि तुमच्या पात्याला ठोकतो. अजून बघाची गाडी तुम्ही बरोबर केलीत. मला कळलं होतं, मी केलं नाही. माझा ताठा. पेट्रोलची असेल तर हा असाच जाऊ द्या. गाडी सांगा."

गल्लीत कुजबूज झाली. मामाचा चेहरा काळानिळा झाला. "गाडी नाही! मी सांगतो म्हणून ठोक!"

"गाडी नसेल तर गॅप कशाची?"

"माझी! माझ्या उस्तादाची! तुझ्या मामाची!"

बदूने हातोडी दगडावर ठेवली. आवाज न करता ठेवली. "मग नाही ठोकत."

"बदू!" सेरवा ओरडली.

मामा उठला. सुजलेल्या पायांवर असा उठला की दोघे जण सावरायला धावले. "सहा वर्षं! सहा वर्षं माझ्या दारात भुंकलास, आता मला विचारतोस कुठली गाडी? हे घे! ही गाडी!" आणि मांडीवरून हातात घेतलेला डबा त्याने बदूच्या डोक्यावर फेकला.

डबा कपाळाला लागला. झाकण निघालं. पावडर उडाली, बदूच्या केसांत, भुवयांत, खांद्यावर, दगडावर, प्लगवर. पांढरा धूर हळूहळू खाली बसला.

मग मन्सा किंचाळली, "पडली! पावडर पडली!"

"मारली!" मामा गरजला. "वाहिली नाही! मारली!"

"डोक्यावर पडली की नाही?" कोणीतरी मागून म्हणालं.

"दगड मारला तर त्याचा मुकुट होतो का, गाढवांनो?"

गल्लीचे दोन भाग झाले. एक म्हणे पडली, एक म्हणे मारली. वेल्डर आणि रंगारी एकमेकांची कॉलर धरायच्या बेतात आले. नानांनी काठी आपटली.

"आम्पोफो. हात कोणाचा?"

"माझा."

"पावडर कुठली?"

"त्यानेच आणलेली."

"डोकं कोणाचं?"

"गाढवाचं."

लोक हसले. नाना हसले नाहीत. "उस्तादाने हसऱ्या तोंडाने टाकावी असं मी कधी ऐकलं नाही. माझ्या उस्तादाने मला टाकली तेव्हा तो झिंगलेला होता. टाकायची इच्छा नसेल तर तुझी तू परत घे. सूर्य बुडण्याआधी तुझ्या हाताने त्याचं डोकं पूस. तोवर बदूने हलायचं नाही, आणि दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही."

"पुसतो," मामा म्हणाला. "बादली आणा. फडकं आणा."

बादली आली. मामा स्टुलावर बसून राहिला, फडकं मांडीवर. कपाळावरून बदूच्या भुवईत रक्ताचा थेंब उतरला आणि पावडरीत चिखल झाला. घामाने पावडर डोळ्यांत जात होती. तो दगडाशी तसाच बसून राहिला. मामा शिव्या देत राहिला. बदूच्या बापाला दिल्या, डब्यावर चित्र काढणाऱ्याला दिल्या, बोआतेंगच्या बहिणींना एकेकीचं नाव घेऊन दिल्या; तेव्हा सेरवाला हसू आवरेना. मग त्याने आपल्या उस्तादाला दिल्या, आणि तिथे तो जरा थांबला.

"काय करताय?" मन्सा कंटाळून म्हणाली. "ऊन उतरलं. पुसायचं तर पुसा, माझा भात आंबेल."

मामा उठला. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. एकेक पाऊल टाकत बदूपुढे आला. इतका जवळ, की बदूला त्याच्या छातीतली घरघर ऐकू आली. सेरवाने तोंड फिरवलं. मामाने बदूच्या डोक्याकडे बघितलं, बराच वेळ.

मग तो खाली वाकला आणि फडक्याने दगड पुसला. प्लग आणि पातं बाजूला सारून, कोपरे धरून, नीट.

"माझा दगड घाण केलात," तो म्हणाला. फडकं बादलीत टाकलं आणि आत निघून गेला. सूर्य बुडाला, पावडर बदूच्या डोक्यावर तशीच. बाटली तिथेच राहिली. ती मग नानांनी उघडून पूर्वजांना वाहिली, कारण दुसरं कोणी पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी बदूने पाटी लावली. 'उस्ताद बदू, आम्पोफोच्या हाताखाली शिकलेला'. मामा दारात येऊन पाटी बघून गेला. मन्साला म्हणाला, "अक्षरं वाकडी आहेत म्हणावं." त्यानंतर तो भाच्याबद्दल काही बोलला नाही, आणि दगडही ठोकला नाही.

आम्पोफो मामा वारला तो सेरवाच्या लग्नानंतर सातव्या वर्षी, नवे कंद निघण्याआधी, एका गुरुवारी दुपारी, आपल्या शेडमधल्या बाकावर.